मतपत्रिकेवरची कोरी रेघ : न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीचे दिवस

शनिवार, २० जानेवारी २०२४. नॅशुआ, मँचेस्टर

लेक नॅशुआला राहते. बॉस्टनहून उत्तरेला निघालं आणि मॅसॅच्युसेट्सची हद्द ओलांडली की पहिलं मोठं गाव हेच. जानेवारीत इथे येऊ नये, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण दर चार वर्षांनी येणारी प्रायमरी नेमकी ह्याच महिन्यात होती, आणि मला ती बघायचीच होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही. मतपेट्यांच्या काळात केंद्रावर बसले, मतमोजणीच्या टेबलावर बसले, पुढे ईव्हीएम आल्यावर केंद्राध्यक्ष झाले. निवडणूक म्हटलं की माझे कान टवकारतात. आमच्या ह्यांना त्यात काडीचा रस नाही. पण गाडीतून हिंडायला मिळणार म्हटल्यावर तेही तयार झाले.

प्रायमरी म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते. आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात आणि शेवटच्या रात्री एबी फॉर्म कुणाच्या तरी खिशातून निघतो. इथे ते तिकीट कुणाला, ह्यावरच लोक मतदान करतात, आणि ते मतदान पक्ष नव्हे तर राज्य सरकार घेतं. मतपत्रिका, केंद्रं, मोजणी, सगळं सरकारी. एकेका राज्याचं मतदान होत जातं, त्याप्रमाणे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी इच्छुकांना वाटले जातात आणि उन्हाळ्यातल्या त्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जाहीर होतो. न्यू हॅम्पशायरकडे रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधी किती? देशभरातल्या २४२९ पैकी २२. एवढ्याशा वाट्यासाठी एवढी धामधूम होते, कारण प्रायमऱ्यांमध्ये पहिला नंबर ह्यांचा. आयोवात त्याआधी मतदान होतं, पण ते कॉकस. म्हणजे पक्षानेच भरवलेल्या सभा.

दुपारी मँचेस्टरला गेलो. राज्यातलं हे सर्वांत मोठं शहर. मेरिमॅक नदीच्या काठाने अमॉस्केग कंपनीच्या कापडगिरण्यांच्या लाल विटांच्या इमारतींची रांगच रांग. गिरण्या कधीच्या बंद पडल्या. आता तिथे ऑफिसं, हॉटेलं, कॉलेजचे वर्ग. आमच्या ह्यांना परळ आठवलं आणि त्यावर त्यांनी बराच वेळ घेतला.

रेड ॲरो नावाचं एक छोटं डायनर आहे, १९२२ सालापासूनचं. इथे आल्याशिवाय उमेदवाराची प्रायमरी पुरी होत नाही म्हणतात. कोण बडी असामी कुठे बसली होती त्याच्या पाट्या लावल्या आहेत. शेजारच्या स्टुलावरच्या आजोबांनी इथला ठरलेला विनोद ऐकवला : अमक्याला मत देणार का विचारलं, तर माणूस म्हणतो, कसं सांगू, अजून दोनदाच तर भेटलोय त्याला! मग स्वतःच म्हणाले, हे आता जुनं झालं. ह्या वेळी कुणी फारसं भेटलंच नाही.

खरंच होतं ते. रिपब्लिकन इच्छुकांपैकी क्रिस ख्रिस्ती १० तारखेलाच विंडहॅम गावच्या सभेत माघार घेऊन मोकळे झाले होते. विवेक रामस्वामी आयोवाच्या निकालाच्या रात्री बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी इथे येऊन ट्रम्प यांच्या व्यासपीठावर चढले. सेंट अँसेल्म कॉलेजातला इच्छुकांचा वादविवादही रद्द झाला. उरलेल्यांपैकी निकी हेली म्हणाल्या, समोर ट्रम्प असतील तरच मी येणार, आणि ट्रम्प तर आतापर्यंत एकाही वादविवादाला गेले नव्हते.

संध्याकाळी शहरातल्या मोठ्या अरेनामध्ये ट्रम्प यांची सभा होती. आत जायचा आमचा विचार नव्हता, रांग मात्र बघितली. इतक्या थंडीत माणसं तासन्‌तास उभी. लाल टोप्या, झेंडे, हातमोजे विकणारे फेरीवाले. त्यातला एक म्हणाला, तो सभेमागून सभेला राज्यं पालथी घालत फिरतो. पंढरीच्या वाटेवर बुक्का-माळा विकणारे असतात तसाच. त्या रात्री व्यासपीठावर दक्षिण कॅरोलायनाचे गव्हर्नर आणून उभे केले होते, हे नंतर टीव्हीवर पाहिलं. ते हेलींचं राज्य; त्या स्वतः तिथल्या गव्हर्नर होत्या. आदल्याच दिवशी तिथले सिनेटर टिम स्कॉट ट्रम्प यांना पाठिंबा देऊन गेले होते. ह्या स्कॉटना २०१२ साली सिनेटवर नेमलं होतं ते हेलींनीच. राजकारण कुठलंही असो, हा खेळ मला भाषांतराशिवाय कळतो.

रविवार, २१ जानेवारी. एक्सेटर

गाडीत रेडिओ चालू होता आणि बातमी आली : फ्लॉरिडाचे गव्हर्नर डिसँटिस बाहेर. आयोवात दुसरे आले होते, तरी मतदानाला दोन दिवस उरले असताना त्यांनी माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला. म्हणजे मतपत्रिकेवर रिपब्लिकनांची नावं चोवीस, आणि खरी लढत दोघांची. हेलींना ही बातमी सीब्रूकच्या एका लॉबस्टरच्या हॉटेलात कळली आणि त्यांनी तिथल्या तिथेच लोकांना सांगितली.

चोवीस नावं कशी, असा प्रश्न ह्यांनी विचारला. जावयांनी सांगितलं, "बाबा, हजार डॉलर भरायचे आणि फॉर्म द्यायचा. झालं. सूचक, अनुमोदक, सह्या, काही लागत नाही." डेमोक्रॅट पक्षाच्या पत्रिकेवरही एकवीस नावं होती. त्यातले एक गृहस्थ डोक्यावर बूट घालून हिंडतात आणि निवडून दिलंत तर प्रत्येकाला एक तट्टू देईन म्हणतात. त्यांचं नाव व्हर्मिन सुप्रीम. कायद्याने घेतलेलं नाव आहे, मी थट्टा करत नाही.

एक्सेटर हे जुनं, देखणं गाव. १८५३ साली एमॉस टक नावाच्या पुढाऱ्याने इथल्या एका हॉटेलात बैठक घेतली आणि रिपब्लिकन हे नाव सुचवलं, असं गावकरी अभिमानाने सांगतात. विस्कॉन्सिनमधलं रिपन गावही पक्षाच्या जन्माचा मान मागतं. महापुरुषाच्या जन्मगावावरून आपल्याकडे वाद होतात, इथे पक्षाच्या जन्मगावावरून.

सभा हायस्कूलमध्ये. नाव आधी ऑनलाइन नोंदवलं होतं. फुकट, आणि नागरिक असायची अट नाही. सभागृह भरलेलं. टीव्हीवरच्या प्रसिद्ध जज ज्यूडी पाठिंबा द्यायला आल्या होत्या, इथले गव्हर्नर क्रिस सुनुनू तर महिनाभर हेलींबरोबरच फिरत होते. मग त्या स्वतः आल्या.

आता मनात होतं ते लिहिते. अजितसिंग आणि राज रंधावा ह्या अमृतसरकडच्या शीख दांपत्याची ही लेक. वडील दक्षिण कॅरोलायनातल्या छोट्या कॉलेजात शिकवायचे, आई कपड्यांचं दुकान चालवायची आणि ही तेराव्या वर्षापासून दुकानाचे हिशेब लिहायची. हे सगळं वाचून गेले होते. आपलेपणा वाटेल असा माझा अंदाज होता. तो काही वाटला नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. समोर उभी होती ती पक्की अमेरिकन राजकारणी : कर्ज, सरहद्द, युक्रेन, आफ्रिकेत तैनात असलेला नवरा. ऐंशीच्या घरातले दोन पुरुषच आपल्याला पुन्हा हवेत का, हा त्यांचा नेहमीचा सवाल. ट्रम्प यांनी शुक्रवारच्या सभेत डेमोक्रॅट पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या नॅन्सी पेलोसी आणि हेली यांची गल्लत केली होती. त्याचाही समाचार त्या सभांतून घेत होत्या. पण नाव घेऊन तुटून पडायचं त्यांनी फार उशिरा सुरू केलं, असं मला वाटलं. ट्रम्प मात्र त्यांच्या ‘निमराता’ ह्या जन्मनावाची समाजमाध्यमावर मुद्दाम मोडतोड करून मोकळे झाले होते. सभेत आजूबाजूला भारतीय चेहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

भाषण संपल्यावर त्या खाली उतरल्या आणि फोटोसाठी रांग लागली. लोक घाईत नव्हते. एक बाई मुलीला पुढे करत होत्या, एक म्हातारा काहीतरी कागद दाखवत होता. आजोबांचा तो विनोद पूर्ण जुना झालेला नाही.

सोमवार, २२ जानेवारी. काँकॉर्ड

राजधानी काँकॉर्ड. सोनेरी घुमटाचं विधानभवन १८१९ सालचं आहे आणि दोन्ही सभागृहं आजही मूळच्याच दालनांत भरतात. समोर पुतळे. त्यात फ्रँकलिन पिअर्स, ह्या राज्याने दिलेला एकुलता एक राष्ट्राध्यक्ष, आणि जनरल जॉन स्टार्क, ज्यांच्या पत्रातलं ‘जगा तर मोकळे जगा, नाहीतर मरा’ हे वाक्य इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं.

खालच्या सभागृहात सदस्य किती असावेत? चारशे. राज्याची लोकसंख्या जेमतेम चौदा लाख, आणि आमदार चारशे! मानधन वर्षाला शंभर डॉलर. ह्यांनी लगेच रुपयांत हिशेब केला आणि आपल्या आमदारांची आठवण काढली. मी म्हटलं, हळू बोला.

प्रायमरीची तारीख इथला सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचा प्रमुख अधिकारी, ठरवतो. कायदाच आहे : दुसऱ्या राज्याच्या तशाच मतदानाच्या किमान सात दिवस आधी आमचं. म्हणून डेव्हिड स्कॅनलन यांनी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तारीख जाहीर केली नव्हती. इतर राज्यं काय करतात ते बघत बसले. पहिली प्रायमरी १९१६ची. १९२०पासून देशात पहिला मान. तेव्हा ती मार्चमधल्या गावसभेच्या दिवशीच ठेवत, म्हणजे सभागृह दोनदा तापवायला नको. हे काटकसरीचं कारण मला फार पटलं. इतर राज्यं पुढे सरकत आली तशी ही मार्चमधून फेब्रुवारीत आणि तिथून जानेवारीत आली.

आणि ह्या वर्षी त्यावरूनच भांडण. डेमोक्रॅट पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ठरवलं की पहिला मान दक्षिण कॅरोलायनाला, ३ फेब्रुवारीला. न्यू हॅम्पशायरमध्ये गोरे फार, देशाचं प्रतिबिंब इथे पडत नाही, हे त्यामागचं कारण. ते खोटंही नाही. शिवाय २०२०मध्ये बायडन इथे पाचवे आले होते आणि त्यांना तारलं होतं दक्षिण कॅरोलायनाने, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. न्यू हॅम्पशायर म्हणालं, आमचा कायदा आम्हाला मोडता येत नाही. मग बायडन यांनी इथे अर्जच भरला नाही. समितीने पत्रात ह्या मतदानाला ‘निरर्थक’ म्हटलं, त्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, त्यांनाच नोटीस धाडली की मतदारांना असं सांगणं बंद करा.

विद्यमान राष्ट्राध्यक्ष, आणि मतपत्रिकेवर त्यांचं नाव नाही. मग त्यांच्या लोकांनी काय करावं? कोपऱ्याकोपऱ्यावर हातात पाट्या घेऊन उभे राहिले : ‘बायडन लिहा’. कारण इथल्या मतपत्रिकेवर छापील नावांच्या खाली एक कोरी रेघ असते. हवं ते नाव आपल्या हाताने लिहायचं.

हे ऐकून मी थबकलेच. मतमोजणीत आम्ही मतपत्रिका बाद करायचो त्यात लिहिलेल्या पत्रिका पहिल्या. फुलीचा शिक्का सोडून कागदावर पेनाची रेघ जरी दिसली, तरी मतदाराची ओळख पटेल म्हणून अवैध. नवऱ्याला शिव्या लिहिलेली एक पत्रिका मला अजून आठवते. तीही त्याच गठ्ठ्यात गेली. इथे मात्र लिहायला जागाच ठेवलेली.

आणि ह्या रेघेने मोठमोठे उलटफेर केले आहेत. १९६४ साली हेन्री कॅबट लॉज हे व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे राजदूत होते. तिकडे सायगावात बसलेल्या ह्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, प्रचाराला ते आलेही नाहीत, आणि रिपब्लिकन प्रायमरी जिंकले. पुढच्या खेपेला, १९६८मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं नावही पत्रिकेवर नव्हतं. लोकांनी ते लिहून त्यांना जवळपास पन्नास टक्के मतं दिली. पण युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी ४२ टक्क्यांवर गेले. पंधरा-वीस दिवसांत जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. जिंकूनही हरले म्हणतात ते असं.

परतताना लेकीचा फोन. शेजारच्या मावशींना आदल्या दिवशी फोन आला होता. पलीकडून चक्क बायडन यांचा आवाज. मंगळवारी मत देऊ नका, तुमचं मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा! जणू मत एकदाच देता येतं. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला. असे फोन हजारो मतदारांना गेले होते आणि सोमवारी ॲटर्नी जनरलनी चौकशी जाहीर केली. पुढचं आता माहीत आहे म्हणून लिहिते : हे करवणारा निघाला एक राजकीय सल्लागार, दुसऱ्या एका डेमोक्रॅट उमेदवारासाठी काम केलेला. केंद्रीय दूरसंचार आयोगाने त्याला ६० लाख डॉलर दंड केला. पण २०२५च्या जूनमध्ये इथल्या ज्यूरीने फौजदारी खटल्यात त्याला निर्दोष सोडलं. बचावाचा एक मुद्दा होता की पक्षानेच ज्याला मान्यता दिली नाही ती प्रायमरी खरी निवडणूकच नव्हे. ‘निरर्थक’ हे पत्र असं अंगाशी आलं.

रात्री डिक्सव्हिल नॉच टीव्हीवर पाहिलं. कॅनडाच्या हद्दीजवळची ही वस्ती. १९६०पासून मध्यरात्रीच्या ठोक्याला मतदान करते. ह्या वेळी मतदार सहा, पत्रकार त्याच्या कितीतरी पट. पाच-दहा मिनिटांत निकाल : सहाच्या सहा मतं हेलींना. आमचे हे म्हणाले, "शंभर टक्के मतदान, एकतर्फी निकाल. आपल्याकडे असतं तर फेरमतदान लागलं असतं."

मंगळवार, २३ जानेवारी. मतदान

लेकीच्या वॉर्डाचं केंद्र एका शाळेत. शाळा म्हटल्यावर मला आत शिरल्या शिरल्या घरी आल्यासारखं झालं. दाराबाहेर दोन्ही बाजूंना पाट्या, घोषणा, कॉफीचे कप. आपल्याकडे शंभर मीटरच्या आत चिटपाखरू फिरकू देत नाही. इथे दाराकडे जाणारी दहा फूट रुंदीची वाट मोकळी ठेवली की झालं. ट्रम्पवाले आणि हेलीवाले शेजारी शेजारी उभे, एकमेकांच्या हातमोज्यांची चौकशी करत.

आत मतदानाच्या जागेभोवती कठडा असतो. कठड्याबाहेर उभं राहून कुणीही बघू शकतं, आम्हीही राहिलो. लेकीने नाव सांगितलं, फोटो ओळखपत्र दाखवलं. यादीवर खूण झाली. शाई नाही! आणि मग टेबलापलीकडच्या बाईंनी मोठ्याने विचारलं, "डेमोक्रॅट की रिपब्लिकन?"

मी दचकले. भर केंद्रात पक्ष विचारतात? पण दोन पक्षांच्या दोन वेगळ्या पत्रिका, त्यामुळे विचारावंच लागतं. यादीत ज्यांच्या नावापुढे पक्ष लिहिलेला आहे त्यांना त्याच पक्षाची पत्रिका मिळते. राज्यातले सुमारे चाळीस टक्के मतदार मात्र कुठल्याच पक्षात नोंदलेले नाहीत. त्यांना ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणतात आणि त्यांना दोन्हींपैकी एक मागता येते. लेक त्यांतलीच. पत्रिका घेतली की तुम्ही त्या पक्षाचे नोंदले जाता. बाहेर पडताना दुसऱ्या टेबलावर सही केली की पुन्हा मोकळे. जेमतेम दहा मिनिटांचं सभासदत्व. हेलींची सारी मदार ह्याच लोकांवर होती, आणि ट्रम्प यांची तक्रारही हीच की बाहेरचे येऊन आमच्या पक्षाचा निर्णय करतात. ती तक्रार मला अगदीच गैर वाटत नाही. पण मग पक्षाने स्वतःच्या खर्चाने सभा भरवावी, आयोवासारखी.

तिने कोणती पत्रिका मागितली ते मी ऐकलं. नाव कोणतं, ते विचारल्यावर म्हणाली, "आई, तूच आयुष्यभर सांगत आलीस ना, मत गुप्त असतं म्हणून?"

संध्याकाळी पुन्हा तिथेच. आठ वाजता इथली केंद्रं बंद झाली आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या फोनवर बातमी : ट्रम्प विजयी. ह्या खोलीतलं एक मतही अजून जाहीर झालं नव्हतं! राज्यातली बरीच केंद्रं सातलाच बंद होतात, त्यांच्या आकड्यांवरून वृत्तसंस्थेने हिशेब मांडला होता. अंतिम आकडे नंतर कळले. ट्रम्प ५४ टक्के, हेली ४३. पंधरा मिनिटांत हेलींचं काँकॉर्डमधून भाषणही सुरू झालं : न्यू हॅम्पशायर पहिलं आहे, शेवटचं नव्हे. लढत राहिल्या त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. वॉशिंग्टन डीसी आणि व्हर्मांट जिंकल्या, स्वतःच्या राज्यात मात्र हरल्या.

मला हवं होतं ते इकडे चालू झालं. यंत्र छापील नावं मोजतं, पण रेघेवर काही लिहिलेलं असलं की ती पत्रिका पेटीच्या वेगळ्या कप्प्यात टाकतं, आणि मग ती माणसांनी वाचायची. टेबलांवर जोड्या बसल्या, बहुतेक सगळे माझ्या वयाचे. एक वाचतो, दुसरा रेघा ओढतो, पाचवी आडवी. तेवढं तरी जगात सारखं आहे. कुणी ‘जो बायडन’ लिहिलेलं, कुणी नुसतं ‘बायडन’, कुणाचं स्पेलिंग भलतंच. कुणाला म्हणायचं आहे ते स्पष्ट असलं की मत धरायचं. मध्येच एका पत्रिकेवर दोघी अडल्या. माणसाचं नावच नव्हतं. ‘शस्त्रसंधी’ असं लिहिलेलं, गाझासाठी. त्यांनी मॉडरेटरला, म्हणजे केंद्रप्रमुखाला, बोलावलं, त्याने बघितलं, ‘इतर’च्या रकान्यात रेघ पडली. राज्यभरात अशी सुमारे दीड हजार मतं निघाली. बायडन यांना न छापलेल्या नावावर ६४ टक्के, आणि छापील नाव असलेले खासदार डीन फिलिप्स २०च्या आसपास.

काम आवरताना मॉडरेटरने आम्ही कुठले ते विचारलं. लेकीने सांगितलं, आईनेही हेच काम केलं आहे, भारतात. एका केंद्रावर मतदार किती असतात, म्हणाला. दीड हजारापर्यंत, मी म्हटलं. यंत्र बंद केल्यावर काय करता? मग मी त्याला १७-सी फॉर्म समजावून सांगितला : झालेली एकूण मतं आकड्यांत नोंदवायची, सही करायची, आणि प्रत प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यायची. त्याने त्याचा फॉर्म मला दाखवला. बेरीज दोनदा केलेली होती, पेन्सिलने एकदा आणि पेनाने एकदा.

"भत्ता किती मिळतो?" आमच्या ह्यांनी मराठीत विचारलं. लेकीने ते भाषांतर करायला साफ नकार दिला.